मागून घेतलेलं कापड

मथुरा ही मालवणजवळच्या कट्टा गावच्या महादू शिंप्याची मुलगी. एसटी थांबते त्या वळणावर वडिलांचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक मशीन, एक बाकडं आणि भिंतीला ठोकलेली फळी, एवढंच. सात वर्षांची असल्यापासून ती तिथे काजं करायला बसायची. कुठलं लुगडं आधी गुडघ्यावर विरणार आणि कुठलं काठाशी, हे तिला बोटांनी कळायचं. शाळा सातवीपर्यंत झाली. त्या शाळेत चित्रकलेचा तास नव्हता.

अडुसष्ट साली तिचं लग्न देवगडजवळच्या, समुद्रकाठच्या कुणकेश्वरच्या काशिनाथशी झालं. काशिनाथ गावचा पोस्टमास्तर, आणि पोस्ट घराच्याच पडवीत. एक टेबल, तराजू, शिक्के आणि बाहेर लाल पेटी. माणूस शांत होता. कुठल्याही प्रश्नाला त्याचं पहिलं उत्तर 'बघूया' असायचं. त्यांना एक मुलगी झाली, सीता.

पुढे जे झालं त्याची सुरुवात एका पडद्यापासून झाली. पोस्टात येणारी माणसं तिकिटं घेता घेता आत डोकवायची, चुलीवर काय शिजतंय तेही बघायची. मथुरेला पडवी आणि माजघर यांच्यामध्ये पडदा हवा होता. ऐंशी साल होतं. गावच्या शंकराची शिवरात्रीची यात्रा नुकतीच आटोपली होती आणि समुद्राने वाळूवर पुष्कळ काही आणून टाकलं होतं: जाळ्यांचे तुकडे, जाळ्याला बांधायचे लाकडी तरंगे, निशाणाची फाटकी पट्टी, होडीची निळ्या रंगाची फळी, कपडे. मथुरा रोज सकाळी जळणासाठी फाटी गोळा करायला जायची, त्या वेळी ती हे सगळं घेऊन आली. दोन गोणपाटं उसवून तिने जोडली आणि त्यांवर एकेक वस्तू शिवून बसवली. आधी नुसतं गोणपाट झाकायचा विचार होता. पण निळी फळी कुठे ठेवायची यावरच तिचे चार दिवस गेले, आणि चौथ्या दिवशी ती जागेवर बसली तेव्हा मथुरा उठून लांब गेली, परत आली, पुन्हा लांब गेली. असं तिला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. मशीनवर शंभर सदरे शिवूनसुद्धा नाही.

शेजारची आनंदी बघून म्हणाली, "गो मथुरा, ह्या काय टांगलंस? पोस्टात इलेल्या माणसाक वाटात, घरात होडी फुटली."

"वाटांदे," मथुरा म्हणाली.

काशिनाथने पडद्याकडे बराच वेळ बघितलं. "बरो दिसता. पण तपासणीक साहेब इलो तर काय सांगूचा?"

"पडदो आसा म्हणान सांगा."

साहेब आला, पडदा बघितला आणि गेला. पण दुसरा एक माणूस मात्र थांबला. देवगडच्या एका हायस्कुलात चित्रकला शिकवणारे हरिश्चंद्र सर, मूळचे कोल्हापूरकडचे. देवळात आले होते, तिथून रजिस्टर पत्र टाकायला पोस्टात आले. पत्र टेबलावर तसंच ठेवून ते पडद्यासमोर उभे राहिले.

"हे कुणी केलं?"

"आमच्या मंडळींनी," काशिनाथ म्हणाला.

"कुठं शिकल्या त्या?"

पडद्यामागून उत्तर आलं. "कट्ट्याला. शिंप्याच्या दुकानात."

सर मोठ्याने हसले. मग त्यांनी सांगितलं की मुंबईत दरवर्षी एक मोठं चित्रप्रदर्शन भरतं, राज्यभरातून कामं येतात, हा पडदा तिथे पाठवायला हवा.

मथुरा बाहेर आली. "पडदा मिळणार नाही. तो वापरात आहे. पाठवायचंच असेल तर दुसरं करते."

तिने दुसरं केलं. त्याला आठ महिने लागले. प्रदर्शनाचा फॉर्म घेऊन सर आले तेव्हा त्यात 'माध्यम' अशी ओळ होती आणि पुढे चार शब्द: तैलरंग, जलरंग, शिल्प, मुद्राचित्र. लागू नसेल ते खोडायचं होतं.

"शिल्प ठेवूया?" सर म्हणाले.

"हे शिल्प नाही," म्हणत मथुरेने चारही खोडले आणि खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं: जुनं कापड, जाळं, लाकूड, हातशिलाई.

तीन महिन्यांनी काम परत आलं. सोबत पत्र होतं की सदर कलाकृती हस्तकला या प्रकारात मोडत असल्याने तिचा विचार करता येत नाही. काशिनाथने ते दोनदा वाचलं आणि बायकोच्या चेहऱ्याकडे बघितलं. तिने पोस्टकार्ड मागितलं. त्यावर तिने लिहिलं, 'तुमचं पत्र मिळालं. हस्तकलेबद्दल मला आदर आहे. माझे वडील तीच करत आले. पण मी पाठवलेलं काम अंथरता येत नाही, पांघरता येत नाही, नेसता येत नाही. ते फक्त बघायचं आहे. पुढल्या वर्षी पुन्हा पाठवीन.'

काशिनाथ म्हणाला, "जरा कडक झाला काय?"

"खरा आसा ता लिवलंय. शिक्को मारा."

पुढल्या वर्षी तिने आणखी मोठं काम पाठवलं, आणि ते लागलं. तेच पंच होते की दुसरे, कुणास ठाऊक. मथुरा सरांबरोबर आणि काशिनाथबरोबर मुंबईला गेली. उंच छताच्या दालनात तिचं काम भिंतीवर होतं आणि त्याच्याखाली तिने लिहिलेलेच शब्द छापलेले होते. एका वर्तमानपत्राच्या बाईंनी विचारलं, "या वस्तू तुमच्या नाहीत. मग काम तुमचं कसं?"

मथुरा म्हणाली, "समुद्राने टाकलं ते उचलेल त्याचं. टाका माझा आहे."

हे वाक्य छापून आलं. सरांनी कात्रण कापून आणलं, आणि काशिनाथने ते तारखेच्या शिक्क्यांच्या खणात ठेवलं.

त्यानंतरची दोन वर्षं मथुरेने भराभर काम केलं. तिला विचार करायला थांबावं लागत नव्हतं. सकाळी किनाऱ्यावर गेली की काय उचलायचं आणि काय सोडायचं हे तिला लांबूनच समजायचं. घरात जागा पुरेना तेव्हा काशिनाथने मागल्या अंगणात कौलांची पडळ, म्हणजे भिंतीला लागून उतरतं छप्पर, काढून दिली. त्या दोन वर्षांतलं सगळ्यात मोठं काम म्हणजे सात फूट रुंदीचं 'ओहोटी'. त्याच्या मधोमध एक खिसा होता. निळ्या पट्ट्यांच्या जुन्या सदऱ्याचा तुकडा आणि त्यावर पिठाच्या पिशवीच्या कापडाचा, हाताने शिवलेला, दुहेरी खिसा. पिशवीवरचं छापील अक्षर अर्धंच उरलेलं, तेही उलटं. हा खिसा मथुरेला त्र्याऐंशीच्या पावसाळ्यानंतर वाळूत सापडला होता. एवढासा खिसा कुणी दुहेरी का शिवावा, हे तिला कोडंच होतं. सगळं 'ओहोटी' तिने त्या खिशाभोवती रचलं होतं. त्याचा फोटो दिल्लीला गेला आणि तिथल्या एका प्रदर्शनासाठी काम निवडलं गेल्याचं पत्र आलं.

दिल्लीला पाठवण्याआधी, पंच्याऐंशीच्या जानेवारीत, सरांनी मालवणात मथुरेच्या अकरा कामांचं प्रदर्शन भरवलं. एका संस्थेचं सभागृह तीन दिवसांसाठी मिळालं. पहिल्या दिवशी शाळांच्या रांगा येऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी एक पन्नाशीची बाई आपल्या मुलीबरोबर आत आली. दोघी मुलीच्या लग्नाच्या खरेदीसाठी बाजारात आल्या होत्या; मुलीने बाहेरचा फलक वाचला म्हणून आत शिरल्या. आई पुढे पुढे चालत होती, कंटाळलेली. 'ओहोटी'समोर ती थांबली ती हललीच नाही. मग हात लांब करून तिने खिशाला बोट लावलं.

दारावरचा स्वयंसेवक ओरडला, "ओ बाई, हात लावूचो नाय!"

"माझ्या घोवाचो सदरो ह्यो," ती म्हणाली.

मथुरा खुर्चीवरून उठून आली. त्या बाईचं नाव राधाबाई. कट्ट्याच्या पलीकडे डोंगराच्या अंगाला वाडी आहे, तिथली. भात, काजी म्हणजे काजूची झाडं, चार आंबे. नवरा दोन वर्षांपूर्वी गेला होता. तो दर शिवरात्रीला चालत कुणकेश्वरला जायचा, म्हणून त्याची रक्षा तिने तिथे नेली आणि अंगावरचा शेवटचा सदरा त्याच समुद्रात सोडला.

"तुमच्या घोवाचा नाव काय?" मथुरेने विचारलं.

राधाबाईने तोंड फिरवलं. मुलगी, लीला तिचं नाव, पुढे होऊन म्हणाली, "लवू. माझे बापूस."

तोवर माणसं जमली होती. संस्थेचे एक गृहस्थ मध्ये पडले. समजावणीच्या सुरात म्हणाले, "हे बघा बाई, तुम्ही कापड समुद्रात सोडलंत ना? सोडलं म्हणजे सोडलं. त्यावर आता तुमचा हक्क राहत नाही."

राधाबाईने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "मी सोडलंय ता देवाक. हिका नाय."

 मथुरेजवळ उत्तर तयार होतं, छापून आलेलं उत्तर. ते तिच्या तोंडाशी आलं आणि तिला ते बोलवेना. समोरच्या बाईला ते सांगून काय उपयोग होता? ती भांडायला आलेली नव्हती. लग्नाची खरेदी करायला आली होती आणि मेलेल्या नवऱ्याचा खिसा भिंतीवर टांगलेला तिला दिसला होता.

"ऱ्हवांदे काय काढू?" मथुरेने विचारलं.

"काढ."

मथुरेने कात्री मागवली. हरिश्चंद्र सर पुढे आले आणि हळू आवाजात म्हणाले, "मथुराबाई, काम दिल्लीला जायचंय. निदान उद्या सावकाश—"

"सर, तुम्ही त्यांना बसायला खुर्ची द्या."

'ओहोटी' भिंतीवरून उतरवून टेबलावर पसरलं. मथुरेने तो तुकडा बारीक धावदोऱ्याने तीन फेऱ्यांत बसवला होता, सहज सुटू नये म्हणून. आता तिलाच तो सोडवायचा होता. कापड विरलेलं, जोर लावला तर फाटणार. एकेक टाका कापून सुईच्या टोकाने ती दोरा ओढून घेत होती. तासभर लागला. बघणारे कंटाळून निघून गेले. राधाबाई खुर्चीवर बसून तिच्या हातांकडे बघत राहिली.

बऱ्याच वेळाने मथुरा मान वर न करता म्हणाली, "दुहेरी कित्याक शिवलंस गो?"

"अडकित्तो ठेवी तो खिशात. दोन खिशे फाडलान. मगे मी पिठाच्या पिशयेचो लावलंय, डबल. तो फाटाक नाय."

"टाको बरो आसा तुझो."

"बरो खंयचो? घाईत घातलेलो," राधाबाई म्हणाली. पण तिचे खांदे सैल झालेले लीलाला दिसले.

शेवटचा टाका निघाल्यावर मथुरेने तुकडा झटकला, घडी केली आणि दोन्ही हातांनी दिला. राधाबाईने तो पदराखाली घेतला. आभार वगैरे कुणी मानले नाहीत. मायलेकी बाजाराकडे निघून गेल्या.

'ओहोटी'च्या मधोमध आता उघडं गोणपाट दिसत होतं, भोवती सुईच्या भोकांची चौकट. सर म्हणाले, "दुसरा खिसा लावता येईल. एखादा जुना सदरा बघून..."

"कुणाचा?" मथुरा म्हणाली.

सर टेबलावरचे तुटलेले दोरे गोळा करायला लागले.

घरी परतल्यावर तिने काशिनाथला दिल्लीला तार करायला सांगितली: काम पाठवत नाही. तो शिक्का हातात घेऊन थांबला. "चार दिस थांबूया? बघूया, काय तरी वाट निघात."

"वाट निघाली आसा. फोटोत जा दिसता, ता आता माझ्याकडे नाय. आजच करा."

त्याने तार केली. मग दार ओढून घेतलं आणि स्वतः चहा करून तिला नेऊन दिला, जे तो सहसा करत नसे.

मथुरा रडत बसली नाही. पण तिने पडळीतली सगळी कामं खाली उतरवली आणि एकेक कापड हाताने चाचपून पाहिलं. हा परकर कुणाचा? हे लहान मुलाचं झबलं कुणी सोडलं असेल, आणि का? पाच वर्षं हे प्रश्न तिच्यासमोरच पडलेले होते आणि तिने ते रंग म्हणून, पोत म्हणून बघितले होते. ती चूक होती असं तिला पूर्ण वाटेना. ते कपडे वाळूत कुजले असते. पण इथून पुढे हे चालणार नाही एवढं मात्र तिने ठरवलं. लाकूड, काच आणि शिंपले किनाऱ्यावरून उचलायचे. जाळं मच्छीमारांकडून मागून घ्यायचं. ते तर हसले, म्हणाले घेऊन जा, तेवढीच वाट मोकळी होईल. आणि माणसाच्या अंगाला लागलेलं कापड मालकाच्या हातूनच घ्यायचं, विचारून.

मे महिन्यात ती कट्ट्याच्या एसटीत बसली. माहेरी एक दिवस राहून दुसऱ्या दिवशी सकाळी चालत राधाबाईच्या वाडीवर गेली.

काजींचा शेवटचा बहर होता. राधाबाई अंगणात बोंडांच्या राशीपुढे बसून बिया पिळून काढत होती. मथुरेला बघून तिचे हात थांबले.

"आता काय व्हया?"

"काय नाय. इलंय तुका बघूक."

राधाबाईने पाणी आणि गुळाचा खडा पुढे ठेवला. थोडा वेळ लीलाच्या लग्नाचं बोलणं झालं; लग्न पार पडलं होतं, जावई बरा होता. मग मथुरेने विचारलं, "तो तुकडो परत सोडलंस समुद्रात?"

"नाय." राधाबाईने एक बोंड उचललं. "ट्रंकेत आसा. परत सोडूक हात होवंक नाय."

त्या दोघी बोलत होत्या आणि मथुरेचे डोळे राधाबाईच्या नेसूच्या लुगड्यावर खिळले होते. कामाचं जुनं लुगडं, मूळ हिरवं असावं. गुडघ्यांपासून खाली काजूच्या रसाचे डाग पडले होते. जुने काळपट, मधले विटकरी, आजचे अजून ओले. डागावर डाग बसून मांडीवर जिथे हात पुसला जातो तिथे एक मोठा गडद आकार तयार झाला होता. असा रंग मथुरेने कुठल्याही दुकानात बघितला नव्हता.

"हे डाग धुतल्यार जातत?"

"काजीचो चीक खंय जाता? कपडो फाटता, डाग ऱ्हवता. वीस वरसां ह्याच नेसतंय मी काजींका."

"राधाबाय," मथुरा म्हणाली, "ह्या लुगडा माका देशीत?"

राधाबाई तिच्याकडे बघतच राहिली. "ह्या? ह्या मी पोतेरा करूक ठेवलंय! चांगला व्हया तर पेटयेत आसा, लीलाच्या लग्नातला."

"चांगला नको. ह्याच व्हया."

मग प्रश्नांची सरबत्ती झाली. काय करणार? कुठे लावणार? कोण बघणार? बघणारे हसतील काय? मथुरेने प्रत्येकाचं उत्तर दिलं. हसतील काय याला ती म्हणाली, "सुरवातीक हसतत. मगे थांबतत." राधाबाईने बिया पिळता पिळता विचार केला. शेवटी उठून आत गेली, दुसरं लुगडं नेसून आली आणि म्हणाली, "थांब, धुवन वाळत घालतंय, परवा ने."

"नको! धुवू नको."

राधाबाई हसली. मथुरेने तिला हसताना त्या दिवशी प्रथमच बघितलं.

तिथून दोन वर्षं मथुरा समुद्राकडे पाठ करून हिंडली. भातशेतीच्या, काजूच्या, आंब्याच्या गावांत ती बायकांकडे कामाचे कपडे मागत फिरायची. केळीच्या चिकाने काळी पडलेली चोळी. कोकमाचे रातांबे फोडताना जांभळं झालेलं पातळ. आंब्याच्या देठाच्या चिकाने भाजल्यासारखा ठिपका पडलेला पंचा. लावणीच्या चिखलाने कायमचं तांबडं झालेलं लुगडं, जे किती धुतलं तरी पांढऱ्याकडे वळत नव्हतं. काहींनी दारातूनच परतवलं. एक म्हातारी म्हणाली, "आमचे डाग मुंबयक कित्याक दाखवतंस?" मथुरेने तिला समजावण्याचा प्रयत्न केला, तिला पटलं नाही, मथुरा नमस्कार करून निघाली. सावित्री नावाच्या एका बाईने चोळी दिली आणि आठ दिवसांनी एसटीने कुणकेश्वरला येऊन परत मागितली. मथुरेने ती लगेच काढून दिली, जेवू घातलं आणि गाडीला बसवलं. राधाबाईचं लुगडं तिने महिनाभर तसंच ठेवलं होतं; आता तोच नियम केला: मिळालेलं गाठोडं महिनाभर उघडायचं नाही. कुणाचं मन बदललं तर बदलू द्यायचं.

विचारण्यात वेळ जात होता आणि त्याचा परिणाम हातावर झाला. पूर्वी तिला वस्तू मिळायची आणि तिची जागा लगेच दिसायची. आता प्रत्येक कापडाबरोबर बाई यायची, तिचं बोलणं, तिचं अंगण, तिच्या बसण्याची पद्धत. काम हळू झालं आणि मोठं झालं. सीता एकदा म्हणाली, "आई, ह्या पडळीत मावूचा नाय." खरंच मावलं नाही. चौदा फूट लांब झालं ते. कापडांच्या मधून सुंभाच्या रेघा, मोडक्या सुपांच्या कडा, हाताने झिजून गुळगुळीत झालेल्या विळ्यांच्या मुठी. मथुरेने त्याला नाव दिलं 'चीक'.

सत्याऐंशीच्या शेवटी दिल्लीहून पुन्हा विचारणा झाली. यावेळी त्यांना एका कामासाठी संपूर्ण भिंत द्यायची होती. हरिश्चंद्र सर धावतच आले. मथुरा म्हणाली, "पाठवते. पण आधी कट्ट्याला लावायचं."

"अहो, तिथे आधी दाखवलं तर त्याचं नावीन्य..."

"शाळेच्या वर्गात दोन दिवस टांगल्याने जुनं होईल असं काम मी केलेलं नाही, सर."

सरांनी हात जोडले आणि शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटायला गेले.

अठ्ठ्याऐंशीच्या फेब्रुवारीत, बाजाराच्या दिवशी, कट्ट्याच्या शाळेतल्या दोन वर्गांमधलं लाकडी पार्टिशन बाजूला सरकवून 'चीक' लांब भिंतीवर चढलं. महादू शिंपी आता थकले होते, तरी काठी टेकत आले. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ते टाके तपासत गेले, दोन ठिकाणी थांबले. "हंय दोरो सैल आसा," म्हणाले. मथुरेने तिथल्या तिथे तो घट्ट केला.

मग बायका आल्या. बाजाराच्या टोपल्या व्हरांड्यात ठेवून, पदर सावरत. आधी लांबूनच बघत राहिल्या. मग एकीला आपली चोळी सापडली आणि ती ओरडली, "गो, ह्या माझा!" त्यानंतर वर्गात कुणाचंच कुणाला ऐकू येईना. प्रत्येकजण आपलं शोधत होती, दुसरीला दाखवत होती, हा डाग कुठल्या साली कुठल्या झाडाखाली पडला ते सांगत होती. "माझा कोपऱ्यात कित्याक घातलंस?" असंही एकीने विचारलं. मुंबईच्या दालनात माणसं कुजबुजत बोलायची. मथुरेला हा कलकलाट जास्त आवडला.

राधाबाई सगळ्यांच्या मागून आली. तिचं लुगडं मधल्या भागात होतं, सगळ्यात मोठा गडद आकार तिचाच. ती दोन्ही हात कमरेवर ठेवून उभी राहिली. मान एका बाजूला झुकवली, मग दुसऱ्या.

"उलटा लावलंस," ती म्हणाली.

"काय?"

"लुगडा. मी बसतंय तेवा ह्यो डाग हंय येता, मांडयेर. काठ खाली. तू काठ वर केलंस. सुलटा कर."

 हरिश्चंद्र सरांनी मथुरेकडे बघितलं. त्यांना मालवणचं ते टेबल आणि ती कात्री आठवली असणार. मथुरेने राधाबाईकडे बघितलं, मग भिंतीकडे. तिने ते लुगडं अकरा वेळा फिरवून बघितलं होतं. काठ खाली ठेवला की डाग डाग दिसायचा. काठ वर गेला की तो सगळ्या चौदा फुटांना उचलून धरायचा.

"नाय करूचंय," ती म्हणाली.

"नाय?"

"नाय. सदरो तू माका दिलेलंस नाय, म्हणान काढून दिलंय. ह्या लुगडा तू तुझ्या हातान दिलंस. महिनोभर मी वाट बघलंय, तू मागूक येवंक नाय. आता ह्या माझा. हंय असाच ऱ्हवतला."

  मग राधाबाई मागे सरकत सरकत समोरच्या भिंतीला टेकली आणि डोळे बारीक करून बघू लागली.

"लांबसून बरा दिसता," तिने कबूल केलं. आणि लगेच शेजारणीला म्हणाली, "पण उलटाच आसा."

'चीक' दिल्लीला गेलं. दोन महिने त्या भिंतीवर होतं. मथुरा उद्घाटनाला गेली, काशिनाथलाही सोबत नेलं. तिथे एका गृहस्थांनी या डागांचा अर्थ काय असं विचारलं, तेव्हा तिने त्यांना काजू कसा पिळतात ते हातवारे करून दाखवलं. पुढे त्या कामाबद्दल दोन-तीन ठिकाणी लेख आले, आणि पुढच्या वर्षी बंगळूरचं आणि कलकत्त्याचं बोलावणं आलं. परिचयपत्रात 'ग्रामीण स्त्री' असं छापलेलं असेल तिथे ती पत्र लिहून 'चित्रकार' करून घ्यायची. एकाने कळवलं, तुम्ही चित्र काढत नाही. तिने उलट कळवलं, मग तुम्ही दुसरा शब्द सुचवा, बरा असेल तर घेईन. पुढच्या पत्रकात त्याने 'चित्रकार' छापलं.

एकोणनव्वदच्या सुमारास गाठोडी आपोआप यायला लागली. आधी कट्ट्याच्या बाजूने, मग कुडाळकडून, मग थेट आरोंद्याहून, खाडीकाठच्या बायकांकडून. सुतळीने बांधलेली, वर वेड्यावाकड्या अक्षरांत पत्ता: मथुराबाई, पोस्टाचं घर, कुणकेश्वर. काशिनाथ प्रत्येक गाठोड्यावर तारखेचा शिक्का मारायचा आणि फळीवर रांगेने ठेवायचा, महिना भरेपर्यंत. आरोंद्याच्या गाठोड्याचा महिना एका सोमवारी सकाळी भरला. त्याने आत हाक मारली. मथुरा ओले हात पुसत बाहेर आली, खुर्ची उजेडाकडे ओढून बसली, सुतळीची गाठ न कापता नखाने सोडवली, आणि कापडाला हात लावायच्या आधी आतली चिठ्ठी उलगडून वाचायला घेतली.